दोन 'मालोजा'

जुन्या जहाजांच्या कागदपत्रांचं माझं काम. त्या दिवशी धोबीतलावहून एक गोवेकर आंटी आल्या. हातात फ्रेम केलेलं खलाशाचं डिस्चार्ज सर्टिफिकेट. बोट 'मालोजा', आडनाव शाबूत. पहिलं नाव आणि साल ओलीने खाल्लेलं. सासऱ्यांचे थोरले भाऊ या बोटीबरोबर बुडाले, त्यांची ही एवढीच खूण, असं त्या म्हणाल्या.

मी चमकलो. हा कागद सफर संपवून उतरणाऱ्या खलाशाला मिळायचा. बुडालेल्या माणसाला तो कोण देणार?

पी अँड ओ या ब्रिटिश आगबोट कंपनीच्या 'मालोजा' दोन. पहिली १९११ ची. २७ फेब्रुवारी १९१६ ला मुंबईकडे निघालेली असताना डोव्हरजवळ ती जर्मन सुरुंगावर आदळली. होड्या सोडायच्या तर बोट थांबायला हवी, म्हणून कप्तानाने इंजिनं उलटी फिरवली. तेवढ्यात इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, इंजिनं बंद करता येईनात. कलंडलेली बोट मागे मागे जात राहिली, होड्या धड उतरवता येईनात. अर्ध्या तासाच्या आत ती बुडाली. दीडशेहून अधिक माणसं गेली. मदतीला निघालेली 'एम्प्रेस ऑफ फोर्ट विल्यम' ही कोळशाची बोटही सुरुंगानेच बुडाली. हे सारं कितीही वेळा वाचलं, तरी त्या उलट्या फिरणाऱ्या इंजिनांपाशी माझा जीव अडकतो.

दुसरी बेलफास्टला बांधलेली, १९२३ ची. ती दुसऱ्या महायुद्धातून सहीसलामत सुटली आणि १९५४ मध्ये भंगारात निघाली.

नाव नव्या बोटीला देतात, नोंदणी क्रमांक देत नाहीत. तो क्रमांक कागदावर स्पष्ट होता. रजिस्टरशी ताडला: दुसरी 'मालोजा'.

"म्हणजे हा सासऱ्यांचा कागद!" आंटी म्हणाल्या. "बोटीवर होतो, एवढंच सांगायचे रे पुता. बोटीचं नाव कधी काढलं नाही त्यांनी."

भाऊ गेला त्याच नावाच्या बोटीवर ते चढले होते.

मग थोरल्यांचा शोध. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईतच आहे, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत त्यांचं नाव सापडलं, बोटीसकट.

आंटींनी नोंदीची प्रत घेतली आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहून मागितली. थोरल्यांच्या नावाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, कुठल्या दिवशी ठेवायची, हे घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.