डबल बेल

जुन्या बाजारात एका रविवारी मला एसटीच्या कंडक्टरचा चिमटा मिळाला. तिकिटाला भोक पाडायचा, लोखंडी, मुठीत नीट बसणारा. पुढच्या बुधवारी आमच्या केंद्रातल्या आठवणींच्या तासाचा विषय ‘शाळेची बस’ होता, म्हणून घेऊन ठेवला.

पुण्यातल्या या केंद्रात मी समाजसेविका आहे. दिवसभरासाठी वीसेक ज्येष्ठ येतात. बहुतेकांना विस्मरणाचा आजार आहे, काहीजण पक्षाघातातून सावरताहेत. म्हातारी माणसं तेच तेच सांगतात म्हणून घरचे वैतागतात. पण रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्येच मांडलं होतं, की असं मागे वळून पाहणं हे बुद्धी घसरल्याचं लक्षण नाही, उतारवयात माणूस आपल्या आयुष्याचा आढावा घेत असतो. मला हे मनापासून पटतं. या तासाला मी कधी सुट्टी देत नाही.

त्या दिवशी सुरुवात फसली. परदेशी पुस्तिकेतलं पिवळ्या बसचं चित्र मी सगळ्यांच्या हातात फिरवलं. एक बाबा म्हणाले, “ही कुणाची गाडी? आम्ही तीन मैल चालत जायचो, चपला हातात धरून.” मी चित्र बाजूला ठेवलं आणि विचारलं, “मग एसटीनं कोण जायचं?”

खोलीचा नूरच पालटला. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली, हे एका बाबांनी छाती पुढे काढून सांगितलं. दुसऱ्याला आठवली हॅण्डल मारून सुरू होणारी गाडी. तिसऱ्याला मुक्कामी गाडी: रात्री गावात येऊन थांबायची, आणि सकाळी तीच पोरांना घेऊन तालुक्याला जायची. पण सगळ्यात रंगले ते डबे. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे डबे घरून सकाळच्या गाडीने यायचे. झाकणावर नाव कोरलेलं, फडक्यात बांधलेली भाकरी आणि खर्डा. पोरं स्टँडवर वाट बघत उभी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी नाही, गाडी नाही म्हणजे डबा नाही. “त्या दिवशी पाणी पिऊन गणिताचा पेपर लिहिला,” एक बाबा म्हणाले. हे त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं, संध्याकाळी मी त्याला सांगितलं.

या गडबडीत एक आजी चुळबुळ करत होत्या. वय शहात्तर, माहेर वाईजवळच्या गावचं. एरवी त्या दिवसभरात चार शब्द बोलतात. त्या एकदम म्हणाल्या, “पास घरी राहिला.”

मी चुकले. म्हणाले, “आजी, आता कशाला पास? आपण पुण्यात आहोत ना? कुठलं साल चालू आहे, सांगा बरं.” अशा माणसाची परीक्षा घ्यायची नाही, हे मी नव्या मुलींना दर वेळी बजावते. आजींचा चेहरा उतरला. पिशवी छातीशी धरून त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या. “खाली उतरवतील. शाळा बुडेल माझी.” हात थरथरत होते. माझं कुठलंच बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. टक, टक, टक.

आमच्याकडे एक निवृत्त कंडक्टर येतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवा हात गेला आणि वाचाघाताने बोलणंही गेलं. समोरचं सगळं कळतं, पण पाण्याचा पेला दाखवला तरी ‘पाणी’ हा शब्द ओठावर येत नाही. त्यांनी डाव्या हातात चिमटा घेतला होता आणि खुर्चीच्या पाठीवर आपटत होते.

“चला, पुढे चला. पुढे सरका.”

तीन वर्षांत त्यांचं एक पूर्ण वाक्य मी ऐकलं नव्हतं. आजी थांबल्या, वळल्या, पुन्हा म्हणाल्या, “मास्तर, पास घरी राहिला.”

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. “बसा, बसा. उद्या दाखवा.”

आजी बसल्या. मास्तरांनी डावा हात वर नेला आणि तिथे नसलेली दोरी दोनदा ओढली. डब्यांवाल्या बाबांनी तोंडानेच गाडी सुरू केली.

मग आजी बोलत राहिल्या. गावातून हायस्कूलला जाणाऱ्या त्या तिघीच मुली. दुरून पळत येताना दिसल्या की ड्रायव्हर गाडी थांबवून ठेवायचा. कृष्णेचा पूल आला की उतरायची तयारी. थोरल्या भावाने पासाचे पैसे भरणं बंद केलं, तेव्हा नववीतच शाळा सुटली. एवढं बोलून त्या गप्प झाल्या. मी काहीच विचारलं नाही, त्यांचा हात धरून बसले.

वाचाघातात असं होतं. शोधून आणायचा शब्द सापडत नाही, पण हजारो वेळा तोंडातून गेलेली वाक्यं, आकडे, स्तोत्रं पुष्कळदा शाबूत राहतात. हे मी शिकले होते, इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तास संपल्यावर मी मास्तरांना चिमटा दाखवून विचारलं, “हे काय?” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. शब्द आला नाही. डोळे भरले. तो प्रश्न विचारायला नको होता.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी न्यायला आल्या. झालेलं सांगितल्यावर त्या जिन्यातच बसल्या. “ड्यूटीवर काय काय बोलायचे, तेवढं लिहून आणाल का?” मी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीचं पान आणलं, अकरा वाक्यं. वाचोपचार करणाऱ्या ताई आता त्या पानावरूनच सराव घेतात. चिमटा मास्तरांकडेच असतो. आजींना तो बुधवार आठवत नाही, पण बसताना त्या मास्तरांच्या शेजारची खुर्ची धरतात. परवा मास्तर चौथ्या वाक्यापर्यंत पोचले: “सुट्टे द्या.”