निवृत्तीनंतर आईचं नाव आरोग्य योजनेच्या कार्डावर चढवताना

जून २०२४ च्या शेवटच्या दिवशी मी पोस्टातून निवृत्त झाले. हार-तुरे झाले, श्रीफळ मिळालं, सगळ्यांनी प्रेमाने निरोप दिला. त्या रात्री झोप मात्र आली नाही. नोकरीत असताना घरातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं की केंद्राच्या १९४४ च्या वैद्यकीय नियमांखाली बिलं लावून खर्च परत मागायचा, ही सवय बत्तीस वर्षांची. ते नियम निवृत्तांना लागू होत नाहीत, हे मला माहीत होतं, तरी त्याचा अर्थ त्या रात्री कळला. घरात आम्ही चौघं. मी, मधुमेह असलेले आमचे अहो, घटस्फोटानंतर माहेरी आलेली लेक आणि ब्याऐंशी वर्षांची माझी आई.

आईला मी माझ्याकडे आणून बारा वर्षं झाली. माझे वडील सोलापुरातल्या गिरणीत होते. त्यांच्या मागे आईला भविष्यनिर्वाह निधीची दोन हजारांच्या आसपास पेन्शन मिळते, बाकी काही नाही.

आधी मी खाजगी विम्याकडे गेले. एप्रिल २०२४ पासून नवा आरोग्य विमा काढायला वयाची पासष्टची अट निघाली आहे, हे वाचून आशा वाटत होती. पण अट निघाली म्हणून कंपनीने प्रत्येकाला घेतलंच पाहिजे असं होत नाही. आईचं वय आणि बीपीच्या गोळ्या ऐकल्यावर एकाने सरळ नकार दिला. दुसऱ्याने सांगितलेला हप्ता तिच्या कित्येक वर्षांच्या पेन्शनइतका होता. आईला घेतलं नाही तर आम्ही विमा काढून काय उपयोग, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाला कोण घेतं, तिथून शोध सुरू करायचा, हे माझं तेव्हाच ठरलं.

केंद्राच्या निवृत्तांसाठी सीजीएचएस ही केंद्र सरकारची आरोग्य योजना आहे, पण आम्ही सोलापूरचे आणि आमच्या सोयीचं तिचं केंद्र पुण्यातच. आमच्यासारख्या बाहेरच्यांना तीन वाटा असतात. पहिली, नुसता दरमहा वैद्यकीय भत्ता घ्यायचा. हा भत्ता १९९७ साली १०० रुपये होता, जुलै २०१७ पासून १,००० आहे. दुसरी, जवळच्या शहरातून कार्ड काढून बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण दोन्ही सोयी घ्यायच्या आणि भत्ता सोडायचा. तिसरी, रोजच्या औषधांसाठी भत्ता ठेवायचा आणि दाखल व्हायची वेळ आली तर कार्ड वापरायचं. बीपीच्या गोळ्या आणायला दर महिन्याला पुण्याला कोण जाणार? मी तिसरी वाट घेतली. वर्गणी मात्र पूर्ण भरावी लागते. ती पगाराच्या लेव्हलवर ठरते; माझी लेव्हल ७, म्हणजे महिन्याला ६५०. निवृत्तांना दहा वर्षांची रक्कम एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड मिळतं, ते माझ्यासाठी ७८,००० रुपये. ग्रॅच्युइटी हातात आली होती म्हणून ते जमलं. लेव्हल ६ ला ५४,००० आणि त्याखालच्यांना ३०,००० पडतात. एकदम भरणं जमत नसेल तर वर्षाला भरायचीही सोय आहे. पण एकदा भरल्यावर पुन्हा एक पैसा लागणार नाही, हे मला जास्त मोलाचं वाटलं.

खरी कसरत अवलंबितांच्या कागदांची झाली. नवऱ्याला उत्पन्नाची अट नाही, ते सरळ बसले. माझा मुलगा एकोणतीसचा, नोकरीला, तो बसत नाही; मुलाला पंचविशीपर्यंत किंवा कमावता होईपर्यंतच धरतात. मुलीला वयाची अट नाही, पण ती अवलंबून असली पाहिजे. लेकीच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत कोर्टातून काढावी लागली. तो कागद माझ्या हातात देताना ती गप्प होती आणि मीही काही बोलले नाही.

आईसाठी उत्पन्नाची मर्यादा ९,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता, तेव्हाच्या पन्नास टक्क्यांप्रमाणे १३,५०० रुपये महिना. तिची पेन्शन त्याच्या कितीतरी खाली. पण पेन्शनच्या कागदावर तिचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे सांगायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. स्टॅम्पवर सही करताना आईने विचारलं, "मी मीच आहे, हे कागदावर लिहून द्यावं लागतं का गं?" मी म्हटलं, "हो आई, लागतं." महिला कर्मचाऱ्याला आई-वडील किंवा सासू-सासरे यांपैकी एकच जोडी घेता येते. माझे सासू-सासरे हयात नाहीत, म्हणून मला निवड करावी लागली नाही. ज्यांचे चौघंही आहेत, त्या बायकांना ही निवड किती जड जात असेल, हे त्या दिवशी बराच वेळ डोक्यात घोळत राहिलं.

ऑगस्टमध्ये वर्गणी भारतकोश या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर भरली आणि पावती, पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची प्रत, शेवटच्या पगाराचा दाखला, आधार आणि फोटो असा जाडजूड लखोटा घेऊन सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठलं. डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी होती, संध्याकाळच्या गाडीने परत आले. आधी यादी करून गेल्यामुळे दुसरी खेप पडली नाही. काही आठवड्यांनी चार कार्डं आली, प्रत्येकाचा नंबर वेगळा. माझा शेवटचा मूळ पगार ५०,५०० च्या वर होता म्हणून खाजगी खोलीचा हक्क मिळाला. भत्त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला, दाखला जोडावा लागला.

ऑक्टोबर २०२४ च्या २९ तारखेला सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. उत्पन्नाची अट नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, तुमच्या आईचं का काढत नाही? मी चौकशी केली. सीजीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच ठेवता येतं. दोन-तीन दिवस मी विचारात होते. वय वंदनावर सोलापुरातल्याच योजनेतल्या दवाखान्यात पैसे न भरता उपचार होतात, सीजीएचएसमध्ये रक्कम ठरावीक पाच लाखांना बांधलेली नाही. शेवटी मी सीजीएचएसच ठेवलं. चूक की बरोबर, हे लवकरच कळणार होतं.

डिसेंबरात आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. रात्री अकरा वाजता तिला जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. तो सीजीएचएसच्या यादीतला नव्हता, पण जीव घाबरा झालेल्या माणसाला यादी कुठे आठवते? तातडीच्या वेळी कुठल्याही दवाखान्यात उपचार करून बिलं लावता येतात, फक्त पैसे आधी आपल्याला भरावे लागतात. बिल झालं १,८४,००० रुपये. तातडीने दाखल करावं लागलं असा दाखला मी डॉक्टरांकडून लेटरहेडवर त्याच दिवशी मागितला. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण डिस्चार्जनंतर तो मिळवणं फार अवघड जातं. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं स्टिकर, रद्द केलेला चेक, सगळं स्पीडपोस्टने पाठवलं. मुदत सहा महिन्यांची असते, मी तीन आठवड्यांत पाठवलं. मंजूर झाले १,२१,००० रुपये, कारण सरकारने ठरवलेल्या दरानेच पैसे मिळतात, आपण भरलेल्या बिलाप्रमाणे नाही. बाकीचे ६३,००० आमच्या खिशातून गेले.

असा फरक भरून काढायला मी आमच्या दोघांसाठी सुपर टॉप-अप घेतला, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारा विमा. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं धरतो, सुपर टॉप-अप वर्षभराची बिलं एकत्र धरतो, एवढा फरक लक्षात ठेवून. अहोंचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहिला. आधीच्या आजारासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे आणि लपवलेला आजार उद्या दावा बुडवतो. विमा कंपनीकडून पैसे घेऊन उरलेली रक्कम सीजीएचएसकडे मागता येते, दोन्ही मिळून खर्चापेक्षा जास्त होता कामा नये. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी निघाला, त्यामुळे नूतनीकरणाचा हप्ता हलका झाला.

मी सांगितलेलं सगळ्यांना लागू होणार नाही. माझी एक मैत्रीण रेल्वेतून निवृत्त झाली. तिच्याकडे रेल्वेची निवृत्तांची योजना आणि उमीद हे रेल्वेचं वैद्यकीय कार्ड आहे. ती सोलापूरच्याच रेल्वे दवाखान्यात जाते, तिला पुण्याला पळावं लागत नाही. दुसरी जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. तिला यातलं काहीच नाही. तिच्यासाठी राज्य सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना आहे. ही योजना राजीव गांधींच्या नावाने जुलै २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. २०२३ च्या निर्णयानंतर पांढऱ्या रेशनकार्डावरही ५ लाखांपर्यंत मिळतं, पण तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे पती बाहत्तरचे, म्हणून त्यांचं वय वंदना कार्ड काढायला गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर गेले. हाताचे ठसे झिजलेले, मशीन घेईना. चेहऱ्यावरून ओळख पटवून पाहिलं, तिसऱ्या वेळी जमलं. बाहेर येऊन तिने कार्डाच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि एक माझ्या पिशवीत ठेवली. रात्री-अपरात्री काही झालं तर फोन करीन, म्हणाली.