मोहोळ ते पाटनचेरू : काळ्या रानाचा प्रश्न घेऊन केलेला प्रवास

सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या शेतकरी गटातील चौदा जण मोहोळ तालुक्यातून हैदराबादजवळच्या पाटनचेरूला जाऊन आलो. तेथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ पासून आहे. आमच्या भागाशी तिचा संबंध जुना आहे. १९७५ साली तिने काही निवडक गावांत मुक्काम ठोकून घरोघरच्या शेतीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्या गावांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण होती, तशीच अकोल्याकडील कंझरा आणि किनखेडाही होती. प्रत्येक गावातील ४० कुटुंबे निवडताना त्यांत भूमिहीनांनाही जागा दिली होती, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. शेतीचा अभ्यास बहुधा सातबाऱ्यापाशीच थांबतो.

सोलापूरहून राष्ट्रीय महामार्ग ६५ उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करीत थेट पाटनचेरूला पोहोचतो. रेल्वेने जाणाऱ्यांना हैदराबादच्या अलीकडचे लिंगमपल्ली स्थानक सोयीचे पडते. भेटीची परवानगी मात्र आधी लेखी घ्यावी, आणि तीही शक्यतो कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठ किंवा शेतकरी कंपनीच्या नावाने. आम्ही माणसांची यादी पाठवली होती, पण ऐन वेळी बदललेल्या गाडीचा क्रमांक कळवायला विसरलो. या आमच्याच चुकीपायी सकाळचा एक तास फाटकावर गेला.

सुमारे १,४०० हेक्टरच्या या शिवारात काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी आहेत. आम्हाला ओढ होती ती काळ्या जमिनीवरील एका जुन्या प्रयोगाची. १९७६ पासून तेथे शेजारी शेजारी दोन पद्धती चालवून पाहिल्या आहेत. एकीकडे आपल्यासारखेच खरिपात रान मोकळे ठेवून रब्बीत ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा. दुसरीकडे पाऊस पडण्यापूर्वीच कोरड्यात पेरून, रुंद वरंबा सरी पाडून, ज्वारीत तूर किंवा मक्यानंतर हरभरा अशी दोन पिके काढायची. वरंबा आणि सरी मिळून दीड मीटरचा पट्टा होतो आणि सरीला अगदी मंद उतार दिल्यामुळे जादा पाणी माती न वाहता निघून जाते. तीस वर्षांची सरासरी पाहता सुधारित पद्धतीत हेक्टरी ५.१ टन, तर पारंपरिक पद्धतीत १.१ टन धान्य मिळाले.

हे आकडे ऐकून आमच्यातील तरुण मंडळी लगेच पुढच्या खरिपाचा हिशेब मांडू लागली. तेथेच थांबून विचार करावा, असे मी पुढे जाणाऱ्यांना आवर्जून सांगेन. पाटनचेरूला वर्षाकाठी साधारण आठशे मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे तो बराच कमी आणि लहरी, शिवाय त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. आमच्या आज्यापणज्यांनी खरिपात रान पाडून ठेवले ते आळसाने नव्हे, तर मालदांडीसाठी, म्हणजे रब्बी ज्वारीच्या आमच्या जुन्या वाणासाठी, ओल साठवायला. म्हणून तेथील सरी-वरंबा घ्यावा, पण पीकपद्धती जशीच्या तशी उचलू नये. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे. अशा स्थानिक केंद्रातील एखादा शास्त्रज्ञ दौऱ्यात सोबत असेल, तर पाहिलेल्यातले कोणते आपल्या रानात टिकेल हे तिथल्या तिथे विचारता येते. सोबत निदान दहा वर्षांची पावसाची नोंद आणि माती परीक्षणाचे कागद न्यावेत. आम्ही ते नेले नव्हते आणि त्यामुळे आमचे निम्मे प्रश्न मोघम राहिले.

दुपारी जनुक पेढी पाहिली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग आणि बारीक तृणधान्ये यांचे सव्वा लाखाहून अधिक नमुने येथे आहेत. दीर्घकालीन साठ्याचे तापमान उणे २० अंश सेल्सिअस असते, म्हणून आत जायचे असो वा काचेतून पाहायचे, तेथे रेंगाळण्यासारखे फार नाही. खरे मोल बियाण्याच्या प्रवासात आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशातल्या स्थानिक बाजरीपासून येथे आयसीटीपी ८२०३ हे वाण तयार झाले आणि १९८८ पासून ते महाराष्ट्रात रुजले. त्यातूनच अधिक लोह असलेली झाडे निवडून धनशक्ती हे वाण राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने घडले, आणि २०१४ मध्ये ते देशभरासाठी अधिसूचित झाले. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना लोहयुक्त बाजरीच्या भाकरी सहा महिने देऊन घेतलेल्या चाचणीत त्यांच्या शरीरातील लोहाची कमतरता कमी झाल्याचे दिसले. ज्वारीच्या बाबतीत परभणीच्या कृषी विद्यापीठाबरोबरच्या अशाच कामातून २०१८ मध्ये परभणी शक्ती आली. धनशक्ती संकरित नसल्याने बियाणे घरी धरता येते. मात्र बाजरीत परागीकरण वाऱ्याने होते, म्हणून शेजारी दुसरे वाण असेल तर शुद्धता राहत नाही.

भेट देणाऱ्याच्या हातात बियाणे मिळेल, या आशेने कोणी जाऊ नये. नमुने ठरावीक करारपत्रावर आणि संशोधनासाठी दिले जातात; पेरणीचे बियाणे विद्यापीठाकडे किंवा महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाकडे मागावे.

परतताना जहीराबादजवळ पस्तापूरला थांबणे योग्य ठरेल. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी तेथे गावोगावी देशी बियाणे घरात राखले आहे आणि दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास त्यांची बियाण्यांची जत्रा गावांतून फिरते. त्यासाठी दौरा जानेवारीत ठेवला, तर पाटनचेरूला रब्बीची ज्वारी आणि हरभराही उभा सापडेल. आमचा सप्टेंबर त्या दृष्टीने चुकला, मात्र सरीतून वाहणारे पाणी पाहायला तोच महिना बरा होता. येत्या खरिपात गटातील तिघे जण प्रत्येकी अर्धा एकर रानावर रुंद वरंबा सरी पाडून तूर घेणार आहेत, आणि उरलेले रान नेहमीप्रमाणे मालदांडीसाठी मोकळे राहणार आहे.