कपाळ, गाल, मान: आजरा ते मोले, सुतार पक्ष्यांच्या मागावर

जानेवारीत जुन्या वह्या चाळत असताना एक गोष्ट मला खटकली. गेल्या काही वर्षांत ठेंगण्या सुताराच्या, म्हणजे चिमणीएवढ्या तपकिरी डोक्याच्या सुतार पक्ष्याच्या जेवढ्या नोंदी मी केल्या होत्या, त्या सगळ्यांपुढे मी 'मादी' असे लिहून ठेवले होते. नर एकही नव्हता. एखाद्या जंगलात नुसत्या माद्याच असणे शक्य नाही. या नराच्या डोळ्यामागे, मानेच्या बाजूला, लाल रंगाची दोऱ्याएवढी रेघ असते आणि ती बहुतेक वेळा पिसांखाली झाकलेली राहते. ती मला दिसली नव्हती, आणि दिसली नाही म्हणजे नाहीच, असे धरून मी मादी लिहीत गेलो होतो. त्या दिवशी मी त्या नोंदींतील लिंगाचा रकाना खोडला आणि फेब्रुवारीत फक्त सुतार पक्ष्यांसाठी चार दिवसांचा प्रवास ठरवला. नियम एकच ठेवला: खूण प्रत्यक्ष दिसली तरच नर किंवा मादी लिहायचे, नाहीतर रकाना रिकामा सोडायचा.

कोल्हापूरहून आम्ही दोघे मित्र दुपारी निघालो आणि उन्हे उतरता उतरता आजऱ्याच्या अलीकडे, शेतांच्या बांधांवर बाभळी आणि करंज आहेत अशा ठिकाणी थांबलो. येथे येण्याचे कारण मराठा सुतार. जॉन लेथम यांनी १८०१ साली या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नावात 'मराठा' हा शब्द आला, तो आजही तिथेच आहे. घनदाट जंगलापेक्षा उघडे माळ, शेते आणि विरळ झाडी त्याला मानवते. काळ्यापांढऱ्या पाठीचा, पिवळसर कपाळाचा हा पक्षी एका वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूने सरकत होता आणि त्याच्या पोटावरचा लाल डाग स्पष्ट दिसत होता. नवख्या निरीक्षकाची फसगत होते ती याच डागामुळे, कारण पोटावरचा लाल रंग नरालाही असतो आणि मादीलाही. नराला याशिवाय डोक्याच्या मागच्या भागावर लाल पट्टा असतो, तर मादीचे डोके मागेपर्यंत पिवळसर-तपकिरीच राहते. म्हणून पोट पाहून समाधान मानू नये, पक्षी वळेपर्यंत थांबावे. आमचा पक्षी वळला तेव्हा मावळतीचे ऊन नेमके त्याच्या मानेवर पडले होते आणि तिथे लाल रंगाचा लवलेशही नव्हता. ती मादी होती. रिकामे डोके मी पुरेशा उजेडात, मागून आणि दोन्ही बाजूंनी पाहिले होते, त्यामुळे हा शब्द लिहिताना मन साशंक नव्हते.

रात्री आंबोलीत मुक्काम केला. पावसाळ्यात ज्या गावी ढगांमुळे चार हातांवरचे दिसत नाही, त्याच गावी फेब्रुवारीतील सकाळ कोरडी, थंड आणि स्वच्छ असते. पक्षी पाहायला सूर्य उगवल्यापासून साधारण साडेनऊपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला. त्यानंतर ऊन वर चढते, सावल्या गडद होतात आणि डोक्यावरचा लाल रंग काळा दिसू लागतो. सकाळी मिश्र थवा आला की त्यात सुतार हमखास सापडतो, म्हणून फुलटोचे, वटवटे अशा लहान पक्ष्यांची गडबड ऐकू आली की आम्ही पाय रोवून उभे राहत होतो. अशाच एका थव्यात पिवळ्या तुऱ्याचा लहान हिरवा सुतार भेटला. याच्या गालावरून एक पांढरी रेघ जाते आणि ती दोघांनाही असते. खरा फरक तिच्या खाली, चोचीच्या मुळापासून मागे जाणाऱ्या मिशीत असतो: नराची मिशी लाल, मादीला लाल मिशी नाही. नराच्या डोक्यावर लाल रंग भरपूर असतो, मादीच्या डोक्यावर तो केवळ मागच्या बाजूला थोडासा असतो. आम्हाला दिसलेल्या पक्ष्याची मिशी लाल होती, पण ती पानांच्या फटीतून जेमतेम दोन सेकंद दिसली, आणि माझ्या मित्राला ती दिसलीच नाही. दोघांपैकी एकाने पाहिले असले तरी नोंद करताना कोणी पाहिले ते लिहावे, असे आम्ही त्या दिवसापासून ठरवले.

ठेंगणा सुतारही त्याच थव्यात होता. तो झाडाच्या टोकाच्या बारीक फांद्यांवर, आमच्यापासून बऱ्याच उंचीवर होता. वीस मिनिटे मान वर करून पाहिले, तरी ती लाल रेघ असल्याची किंवा नसल्याची खात्री झाली नाही, आणि रकाना रिकामा राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिलारीच्या परिसरात होतो. दोडामार्ग तालुक्यातील या जंगलाचा एक भाग २०२० साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. येथे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली हत्तींची: २००२ पासून कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती या भागात वावरत आहेत, म्हणून पहाटेच्या अंधारात एकट्याने रानात शिरू नये, आदल्या संध्याकाळी गावात विचारून हत्ती कुठल्या बाजूला आहेत याची खबर घ्यावी आणि माहितगार माणूस बरोबर ठेवावा. दुसरी माकडतापाची: हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि २०१६ पासून या तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. नेमका हाच कोरडा हंगाम त्याचा असतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजार मोज्यांत खोचावी, पाचोळ्यावर बसू नये, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे, आणि परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून अंग नीट तपासावे. परतल्यानंतर ताप आलाच तर डॉक्टरांना आपण या जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगावे.

आमच्याबरोबर गावातले एक काका होते. त्यांच्या बागेच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेवर एका उंच, निष्पर्ण झाडाकडे त्यांनी बोट दाखवले. तिथे एक आखूड शेपटीचा, मोठ्या डोक्याचा काळापांढरा पक्षी बसला होता. सुतार पक्ष्यांत याचा आकारच वेगळा. दुर्बिणीतून त्याच्या पंखांवरचे ठिपके स्पष्ट दिसले: पत्त्यांच्या कॅटमधल्या बदामासारखे, काळे, नेटके. इंग्रजीत याला हार्ट-स्पॉटेड वुडपेकर म्हणतात. आम्ही त्याला बदामठिपक्या म्हणतो. या पक्ष्याच्या अंगावर लाल रंग कुठेच नाही. त्यामुळे 'लाल डोके म्हणजे नर' एवढाच धडा पाठ करून आलेला माणूस येथे अडतो. मी तुऱ्याकडे पाहत होतो, तेव्हा काका हळू आवाजात म्हणाले, "ती मादी आसा, तिच्या कपाळार बघा."

कपाळ दुधाळ पांढरे होते, डोळ्यांच्या वरपर्यंत पसरलेले, आणि त्यामागून टोकदार काळा तुरा सुरू होत होता. चोच फांदीवर दोनदा आपटून ती थांबली, डोके तिरपे करून सालीतील फटीकडे पाहिले आणि मग शेजारच्या फांदीवर दुसरा पक्षी येऊन बसला. त्याचे कपाळ काळे होते, अगदी जवळून पाहिल्यावर त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले. नर आणि मादी एकाच दुर्बिणीच्या वर्तुळात, हातभर अंतरावर. हा फरक चित्रात पाहणे वेगळे आणि दोघे एकमेकांशेजारी बसलेले असताना, एकाने मान वळवली की पांढरे कपाळ चमकते आणि दुसऱ्याने वळवली की काळेच राहते, हे डोळ्यांनी पाहणे वेगळे. जोडी एकत्र दिसली की ती सोडू नये, कारण तुलनेला दुसरा पक्षी समोर असणे यासारखा शिक्षक नाही. आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो.

त्याच दिवशी दुपारच्या आधी तांबूस सुतारही दिसला. काळ्या मुंग्यांचे शेणगोळ्यासारखे घर झाडाच्या दुबेळक्यात होते आणि त्याला चिकटून हा विटकरी रंगाचा पक्षी मुंग्या टिपत होता. हा सुतार अंडी घालण्यासाठीही मुंग्यांच्या अशा घरातच पोकळी कोरतो, तेव्हा असे घर दिसले की खाली थोडा वेळ थांबणे फायद्याचे ठरते. नराच्या डोळ्याखाली गालावर किरमिजी डाग असतो, मादीला तो नसतो. डाग लहान, आणि सभोवतालची पिसे मुळातच तांबूस, त्यामुळे सावलीत तो दिसत नाही. पक्ष्याचा गाल उन्हाच्या बाजूला येईल अशा जागी हळूहळू, पक्ष्याला न बिथरवता, आपण सरकावे लागते. आम्ही पाच-सहा पावले डावीकडे गेलो आणि डाग दिसला.

येथवर आल्यावर मला जी गोष्ट नीट उमगली ती अशी की सुतार पक्ष्यात आधी जात ठरवावी आणि मगच नर-मादीचा प्रश्न विचारावा, कारण प्रत्येक जातीची खूण वेगळ्या जागी आहे. मराठा सुतारात डोक्याच्या मागे, हिरव्या सुतारात मिशीत, बदामठिपक्यात कपाळावर, तांबूस सुतारात गालावर. कपाळ, गाल, मान या तीन जागा प्रत्येक वेळी, याच क्रमाने पाहण्याची सवय लावली, तर पक्षी दोन सेकंदच दिसला तरी काय पाहिले आणि काय राहून गेले हे नंतर सांगता येते.

सर्वांत जास्त गोंधळ सोनपाठी सुतारांत होतो, आणि तो आम्हालाही मोलेत झाला. दोडामार्गहून डिचोली, फोंडा असे करत आम्ही संध्याकाळी गोव्यातील मोले गाठले. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून हे क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे. प्रवेशाची चौकशी आणि तिकीट वनखात्याच्या नाक्यावरच करावे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कुळे हे जवळचे स्थानक आहे. नारळीच्या बागांत आणि गावात सर्वत्र दिसणारा नेहमीचा सोनपाठी सुतार असा: गळा काळा, पाठीचा खालचा भाग काळा, नराचे डोके कपाळापासून तुऱ्यापर्यंत लाल, मादीचे कपाळ काळे, त्यावर पांढरे ठिपके, पण तुरा मात्र लाल. मोलेच्या जंगलात मलबारी थोरला सोनपाठी सुतारही आहे आणि त्याच्या मादीच्या डोक्यावर लाल रंग अजिबात नसतो, कपाळापासून मानेपर्यंत काळ्यावर पांढरे ठिपके. गावातल्या मादीची सवय झालेल्या डोळ्याला असे पूर्ण ठिपकेदार डोके पाहून काहीतरी निराळेच वाटते. आमच्या समोरच्या पक्ष्याचा डोळा फिकट होता आणि मानेची मागची बाजू पांढरी होती, म्हणून तो मलबारी ठरला. याच जंगलात त्याच्यासारखाच दिसणारा मध्यम आकाराचा सोनपाठी सुतारही असतो, पण त्याचा डोळा गडद आणि मानेची मागची बाजू काळी. आमची मादी आम्हाला मान दाखवेपर्यंत अर्धा तास गेला. विदर्भातल्या वाचकांना मेळघाटासारख्या कोरड्या जंगलात पांढऱ्या मानेचा सुतार भेटेल. त्याच्या मादीचे डोके चक्क पिवळे आणि नराचे लाल असते, तिथे असा घोळ सहसा होत नाही.

शेवटच्या सकाळी दूरवरून मोठा, ठणठणीत आवाज आला, आणि पाठोपाठ लाकडावर बडवल्याचा घुमारा. ताशावर टिपरी पडावी तसा. मोठा काळा सुतार जवळपास अर्धा मीटर लांबीचा, पांढऱ्या पोटाचा आहे. येथे एक सावधगिरी सांगतो: बडवण्याचा आवाज आला म्हणजे तो नरच, असे धरू नये, कारण सुतार पक्ष्यांच्या अनेक जातींत मादीही बडवते. पक्षी पाहूनच ठरवावे. नराचा संपूर्ण माथा लाल आणि चोचीजवळ लाल मिशी. मादीचा लाल रंग फक्त माथ्याच्या मागच्या अर्ध्या भागात, मिशी नाही. आमचा पक्षी खोडाच्या पलीकडे होता. फक्त माथ्याचा मागचा भाग डोकावला आणि तो लाल होता, म्हणजे दोघांपैकी कोणीही असू शकत होते. मग तो उडाला, दरी ओलांडली, आणि पलीकडच्या उतारावर बसताना एकदा बाजूने दिसला. मित्राला मिशी लाल दिसली, मला ती दिसली नाही. वहीत 'नर, मित्राच्या निरीक्षणावरून' असे लिहिले.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे सामान आणि शिस्तीचे. आठ पट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटरची दुर्बीण पुरेशी आहे. जास्त शक्तीची दुर्बीण मान वर करून धरल्यास हात थरथरतो आणि बारीक खुणा निसटतात. फेब्रुवारी-मार्चात पानगळ झालेली असते, त्यामुळे फांद्या मोकळ्या दिसतात आणि जोड्याही जमलेल्या असतात. उन्हाळ्यात पिल्ले बाहेर पडतात, त्यांच्या पिसांचे रंग मळकट आणि खुणा अर्धवट असतात, म्हणून एप्रिलनंतरच्या नोंदी अधिक जपून कराव्यात. ढोलीजवळ उभे राहून वाट पाहू नये आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. या काळात जोडी ढोली कोरण्यात गुंतलेली असते आणि पळवून लावलेला पक्षी परत येईलच असे नाही. दूरवरच्या ढोलीवर नजर ठेवायची असेल तर संध्याकाळी पाहावी, कारण सुतार पक्ष्यांत रात्री अंड्यांवर बसण्याचे काम साधारणपणे नराकडे असते, आणि अंधार पडण्याआधी आत जाणाऱ्या पक्ष्याचे डोके नीट पाहायला मिळू शकते.

परतीच्या वाटेवर आंबोलीला पुन्हा तासभर थांबलो. त्याच उंच झाडावर ठेंगणा सुतार होता, की दुसराच कुठला, सांगता येत नाही. या वेळी तो खालच्या फांदीवर उतरला, वाऱ्याने त्याच्या मानेवरची पिसे उलटली आणि डोळ्यामागे लाल दोरा दिसला. वहीतला तो पहिला नर.