डिप्लॉय फसलं, पण कशामुळे? एरर लॉग शेवटच्या जॉबपर्यंत नेताना

आमची पाइपलाइन, म्हणजे कोड आपोआप सर्व्हरवर नेणारी साखळी, गिटहब ॲक्शन्स या सेवेवर चालते: बिल्ड, डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल), डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) आणि शेवटी टीमच्या ग्रुपवर मेसेज. काही फसलं की त्या मेसेजमध्ये नुसतं 'फेल' यायचं. रात्री ड्यूटीवर असलेल्याला लॅपटॉप उघडून लॉग चाळत बसावं लागायचं. कारण मेसेजमध्येच दिसावं, म्हणून मी हे काम हाती घेतलं.

छोट्या गोष्टी लवकर जमल्या. पाइपलाइन जॉब्समध्ये आणि प्रत्येक जॉब स्टेप्समध्ये विभागलेला असतो. प्रत्येक स्टेप स्वतंत्र शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते, त्यामुळे एकीत एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल पुढचीला दिसत नाही. व्हॅल्यू पुढच्या स्टेपला देणारी जुनी सेट-आउटपुट कमांड ऑक्टोबर 2022 मध्ये कालबाह्य ठरली; आता गिटहब-आउटपुट या व्हेरिएबलमध्ये एका फाइलचा पत्ता मिळतो आणि तिच्यात 'नाव=व्हॅल्यू' अशी ओळ जोडायची असते. जॉब बदलला की मशीनही बदलतं, म्हणून जॉबच्या आउटपुट्समध्ये ते नाव पुन्हा द्यायचं. बिल्डमधून तयार झालेल्या इमेजचा टॅग (आवृत्तीचं नाव) असाच पुढे नेला.

लॉग मात्र या वाटेने नेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. एका जॉबच्या आउटपुट्सना 1 एमबीची मर्यादा आहे. शिवाय मजकुरात सीक्रेट (पासवर्डसारखी गुप्त माहिती) असल्याचा संशय आला, तर ते अख्खं आउटपुट गाळलं जातं. डेटाबेसच्या एररमध्ये कनेक्शनचा पत्ता पासवर्डसकट येऊ शकतो, म्हणजे नेमकी हवी तेव्हाच माहिती गायब! म्हणून लॉग फाइलमध्ये घेऊन आर्टिफॅक्ट (गिटहबवर जपून ठेवलेली फाइल) म्हणून अपलोड करायचा ठरवला.

खरी मेख निघाली टी कमांडमध्ये; ही आउटपुट स्क्रीनवर दाखवत फाइलमध्येही लिहिते. एरर नेहमीच्या आउटपुटमध्येच वळवून (2>&1) सगळं पाइपने टी-कडे दिलं आणि चाचणीसाठी मुद्दाम तुटकं मायग्रेशन चालवलं. मायग्रेशन पडलं, तरी स्टेप हिरवी! पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं) असला की शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) धरला जातो, आणि टी-ने तर आपलं काम चोख केलं होतं. स्टेपमध्ये 'शेल: बॅश' असं स्पष्ट लिहिलं की पाइपफेल, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी अपयश धरणारी सोय, आपोआप चालू होतं; काहीच लिहिलं नाही तर होत नाही. ही एक ओळ लिहायची राहून गेली असती, तर अर्धवट डेटाबेसवर नवा कोड चढला असता. तुमच्या पाइपलाइनमध्ये टी असेल, तर हे आजच तपासा.

अपलोडच्या स्टेपला आणि मेसेजच्या जॉबला ऑलवेज (काहीही झालं तरी चालव) ही अट लावली, नाहीतर आधीचं फसल्यावर ती चालतच नाहीत. स्क्रीनवरच्या लॉगमध्ये सीक्रेटच्या जागी तारका दिसतात. आर्टिफॅक्टमधल्या फाइलला ते संरक्षण नाही. म्हणून अपलोडआधी सेड ही मजकूर बदलणारी कमांड वापरून पासवर्ड पुसतो, आणि आर्टिफॅक्ट ठेवण्याची 90 दिवसांची मूळ मुदत 7 वर आणली आहे. मेसेजचा जॉब ती फाइल उतरवून शेवटच्या 40 ओळी ग्रुपवर टाकतो.

अडकून पडणाऱ्या मायग्रेशनसाठी त्या स्टेपलाच टाइमआउट दिला आहे. त्यामुळे स्टेप फेल होते आणि तोवरचा लॉग अपलोड होतो. मशीनच बंद पडलं तर मात्र फाइल हाती लागत नाही. तेव्हा मेसेजमध्ये 'लॉग मिळाला नाही' असं स्पष्ट लिहून येतं.