रुमालपाणी खेळत इंग्रजी शब्द : माझा अनुभव

माझी शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, तिसरी-चौथी एकाच खोलीत, पट २२. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे तिसरीतल्या पोरांच्या कानावरून दोन वर्षं इंग्रजी गेलेलं असतं. पण फळ्यावर ब्रिंजल लिहिलं की सगळे एका सुरात वाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी घरून खरं वांगं आणून हातात धरलं तर वर्गात चिडीचूप. एक जण म्हणाला, बाई भरीत करायचंय का.

मग मोबाईलवर बघून एक खेळ घेतला. फळ्यावर शब्द लिहायचे, दोन टीम, प्रत्येक टीमचा एक गडी पुढे, मी मराठीत भाजी सांगितली की पळत येऊन इंग्रजी शब्दावर हात मारायचा. व्हिडिओत फार गोड दिसतं हो ते. आमच्याकडे तिसऱ्याच शब्दाला दोघांची कपाळं एकमेकांवर आपटली, टेंगूळ आलं, आणि बाकीची वीस पोरं नुसती बसून आरडाओरडा. त्याच दिवशी बंद केला.

रुमालपाणी (नंबर पुकारला की दोन्ही टीममधला त्या नंबराचा गडी पळत येतो आणि समोरच्याचा हात लागायच्या आत मधला रुमाल घेऊन परत जातो) मात्र पोरांना आधीच येत होतं, नियम समजावण्यात वेळ गेला नाही. मैदानावर फक्कीने दोन रेषा आणि मध्ये गोल, गोलात रुमाल. फक्त नंबराच्या जागी शब्द. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ११ भाज्या लिहिल्या, प्रत्येकीची दोन कार्डं, एक या टीमला एक त्या टीमला. "ओनियन!" म्हटलं की दोन्हीकडचे कांदे पळणार.

आठवडाभर मी खूश. मग सहज एकाला कार्ड बदलून दिलं तर तो ढिम्म हलेना, आणि तेव्हा कळलं की प्रत्येकाला फक्त स्वतःचाच शब्द येतोय, बाकीचे दहा कानापर्यंत पोचलेच नाहीत. तेव्हापासून दर तीन डावांनी कार्डं फिरवते, शेजारच्याला द्यायची. रडारड झाली सुरुवातीला, टोमॅटोचं कार्ड सोडायला कुणी तयार नाही कारण ते मराठीतही टोमॅटोच, शेवटी टोमॅटो बादच केला आणि त्या जागी कॅबेज आणलं.

कॅबेजमुळे आणखी एक गंमत झाली. कॅरट, कॅप्सिकम आधीच होते, त्यामुळे मी "कॅ" म्हटलं की सहा जण सुटायचे आणि मध्ये गर्दी. चुकीचा पळाला तर समोरच्या टीमला पॉइंट, असा नियम केला तशी पोरं शब्द शेवटपर्यंत ऐकायला लागली. पण हे शब्द आधी वेगवेगळ्या दिवशी शिकवून मगच एकत्र आणा, एकदम दिलेत तर कोबीचं गाजर होतं नुसतं.

तरी एवढं सगळं ऐकण्याचंच झालं, तोंड कुठे उघडतंय? म्हणून रुमाल घेऊन सुखरूप परत आल्यावर आपल्या शब्दाचं एक वाक्य बोलायचं, नाहीतर पॉइंट अर्धा. इथे मात्र पळण्यात पटाईत असलेली पोरं अडकायला लागली. एक मुलगी रुमाल छातीशी घट्ट धरून उभी, मागून टीम कुजबुजतेय "आय लाइक म्हण, आय लाइक म्हण", ती म्हणाली, "बाई पण मला कारलं आवडत नाही ना." मग "आय डोन्ट लाइक" शिकवायलाच लागलं. आता सगळी तेच वाक्य वापरतात, एकालाही एक भाजी आवडत नाही.

सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला तर हजर पोरांची संख्या विषम झाली की शब्द पुकारायला जो उभा राहतो त्याला, कारण कार्ड वाचायचं, मोठ्याने म्हणायचं, आणि उच्चार गडबडला तर बाकीचे सगळे ओरडणार. पायाला लागलं होतं म्हणून एकाला तिथे उभं केलेलं, पाय कधीच बरा झाला, पण अजून लंगडत येतो आणि म्हणतो बाई आज पण मीच सांगतो.