दिवसभर मोबाइल, तरी फॉर्म भरता येत नाही

आमच्या इंदूरात कुठल्याही मराठी लग्नात जा, माझ्या वयाच्या पोरांबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सारखी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात, माणसांशी बोलणंच विसरलीत." आणि जिलबी संपायच्या आत त्याच काकांचं दुसरं, "अरे जरा इकडे ये, याचा आवाज गेलाय बघ, तुमचं काय बाबा, तुम्ही तर पोटातूनच शिकून आलात." म्हणजे एकाच मुलाला वाया गेलेलाही म्हणायचं आणि अभिमन्यूही करायचं! बरं, अभिमन्यूला आत शिरणं तेवढं येत होतं, बाहेर पडणं नाही, हे काका सोयीस्कर विसरतात.

पेन्शनवाल्यांच्या घरी नोव्हेंबरात एक कार्यक्रम असतो, हयातीचा दाखला. आता तो फोनवरून होतो, ॲपसमोर चेहरा धरून डोळे मिचकावायचे. आमच्याकडे हे काम माझं. "आजोबा, चष्मा काढा. मिचकवा. अहो दोन्ही मिचकवा." "मिचकावतोच आहे की रे, त्यालाच दिसत नसेल!" मग खिडकीजवळ खुर्ची, मग ट्यूबलाइट लावा, आजीचे सल्ले वेगळेच, शेवटी होतं एकदाचं. गंमत म्हणजे असली कामं कोणाच्या लेखी "मोबाइलमध्ये घालवलेला वेळ" नसतातच. भंवरकुआंला, म्हणजे आमच्या क्लासेसच्या भागात, पीएससीची तयारी करणारा माझा एक मित्र लेक्चर दीडपट स्पीडवर बघतो आणि घरमालकीणबाई समजतात पोरगा रात्रभर रील्स बघतोय. (मधूनमधून तो खरंच रील्स बघत असतो, पण ते जाऊ दे.)

ही पोटातून शिकून येण्याची कल्पना काही आपल्या काकांची नाही हं. मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकाने २००१ मध्ये लिहिलं होतं की नवी मुलं म्हणजे डिजिटल जगातली मूळ रहिवासी आणि त्यांचे शिक्षक बाहेरून येऊन स्थायिक झालेले. ते सगळ्यांना इतकं आवडलं की मुलांना काही शिकवायची गरजच नाही असं धरून चाललो आपण. पण २०१८ मध्ये काही देशांत आठवीच्या मुलांची कॉम्प्युटरवर परीक्षा घेतली, आयसीआयएलएस म्हणून, भारत त्यात नव्हता, तर सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत फक्त २ टक्के मुलं पोचली. आणि ही पातळी कसली, तर समोर आलेली माहिती भरवशाची आहे का हे स्वतः पारखून वापरणं.

मला यात जराही आश्चर्य वाटलं नाही. माझी आतेबहीण बारावी झाली, रील असली एडिट करते की बघत राहावं. कॉलेजच्या ॲडमिशनला मार्कशीटची पीडीएफ ठरलेल्या साइजमध्ये बसवायची म्हटल्यावर गडबडली, फाइल फोनमध्ये नेमकी कुठे सेव्ह झाली तेच सापडेना. शेवटी एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात लाइनीत उभी राहिली, पुढेमागे सगळी तिच्याच वयाची पोरं. आत्या म्हणते, "दिवसभर त्यातच असतेस आणि एवढं येत नाही?" नाही येत आत्या, कारण रील अपलोड करणं ॲपने बोट धरून शिकवलं, हे कोणी शिकवलंच नाही.

आता मोठ्यांचंही बघा. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच चॅट्सनाच फॉरवर्डची मर्यादा घातली, अफवांवरून माणसं मारली जात होती म्हणून. आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करणारं कोण आहे ते मी सांगायला नकोच. अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीवरच्या एका अभ्यासात तर ६५ च्या वरच्या लोकांनी फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या लिंक्स सगळ्यात तरुण गटापेक्षा जवळजवळ सातपट शेअर केल्या होत्या. हसण्यासारखं नाहीये हे, छापून आलं म्हणजे खरं असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे, आणि फोनवर सगळंच छापल्यासारखं दिसतं. पण मग तोंड खुपसल्याचा ठपका एकट्या पोरांवरच का? अनंत चतुर्दशीला आमच्याकडच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला उभं राहा, रात्रभर हात वर करून व्हिडिओ काढणाऱ्यांत पन्नाशीवाले काय कमी असतात का भिया?

झोपेचं खोबरं होतं, डोकं भणभणतं, हे मला मान्य आहे आणि लहान मुलांना आवर घालायलाच हवा असं माझंही मत आहे. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंटबंदी केली, डिसेंबर २०२५ पासून लागू. ही बातमी आमच्या ग्रुपवर काकांनीच टाकली, खाली "आपल्याकडेही हवं!!" आणि हात जोडलेले. वर फॉरवर्डचे दोन बाण, आत वय लिहिलेलं १८. मी दुरुस्ती टाकली तर आत्याचा एक अंगठा आला आणि काकांनी लगेच सुप्रभातचा गुलाब पाठवला.